अल्फेरेसला लेफ्टनंट म्हणू नका

माझ्या हस्तलिखितात 'अल्फेरेस' हा शब्द अठ्ठेचाळीस वेळा होता. प्रूफ घरी आले तेव्हा तो एकदाही नव्हता. प्रत्येक जागी 'लेफ्टनंट' बसला होता, आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते, 'वाचक अडू नये म्हणून ओळखीचा शब्द घातला आहे.' दिवाळी अंकाची घाई, कथा सोळा पानांची, हेतू चांगला. तरीही त्या रात्री मला झोप लागली नाही. अठ्ठेचाळीस ही काही मोठी संख्या नाही आणि एका हुद्द्याच्या नावाने कुणाचे काही बिघडत नाही, हे मला घरातल्यांनीही सांगितले. माझे मात्र बिघडते, आणि का बिघडते ते मला नीट मांडायचे आहे.

कथा स्पॅनिश लेखक सेर्वान्तेसची होती. १६१३ साली त्याने 'नोवेलास एखेम्प्लारेस' नावाने बारा कथा छापल्या, त्यांतली ही फसव्या लग्नाची गोष्ट. वायादोलिद शहराच्या वेशीबाहेरच्या इस्पितळातून एक सैनिक बाहेर पडतो. पाय लटपटत आहेत, चेहरा पिवळा पडला आहे, कमरेची तलवार त्याने काठीसारखी हातात धरली आहे. वाटेत जुना मित्र भेटतो आणि त्याला हाक मारतो ती नुसत्या नावाने नाही, हुद्द्यासकट. अल्फेरेस काम्पुसानो. लग्नात बायकोने त्याला फसवले, त्यानेही खोट्या दागिन्यांनी तिला फसवले, अंगाला रोग लागला, पैसा गेला. राहिला तो हुद्दा. त्याच्याजवळ उरलेली ती एकच गोष्ट आम्ही प्रूफात काढून घेतली.

हा शब्द नीट उच्चारायला मला बरेच महिने लागले. पुण्यात संध्याकाळच्या वर्गात मी स्पॅनिश शिकत होतो. या शब्दाच्या शेवटी जे अक्षर आहे त्याचा उच्चार माद्रिदमध्ये जीभ दातांमध्ये धरून करतात. तो आपला 'थ' नाही. आपला 'थ' जिभेने वाट अडवून मग सोडायचा असतो, आणि तिथे वारा अडवायचाच नसतो. अमेरिका खंडात, अँडालुसियाच्या बऱ्याच भागात आणि कॅनरी बेटांवर त्याच अक्षराचा सरळ 'स' होतो. देवनागरीत काय लिहायचे? 'अल्फेरेथ' लिहिले तर मराठी वाचक 'रथ'मधला थ म्हणेल आणि तो उच्चार जगात कुठेच ऐकू येणार नाही. 'अल्फेरेस' लिहिले तर निदान मेक्सिकोपासून चिलीपर्यंत तो कानाला ओळखू येईल, आणि स्पॅनिश बोलणारी बहुसंख्य माणसे तिकडेच राहतात. म्हणून मी 'स' घेतला. हा निर्णय मी सहज घेतला नव्हता.

मग आघात. जोर 'फे'वर आहे आणि लिहिताना त्या स्वरावर तिरपी रेघ द्यावी लागते. बुद्धिबळाला स्पॅनिशमध्ये 'आखेद्रेस' म्हणतात. तो शब्दही त्याच अक्षराने संपतो, पण जोर शेवटी असल्याने त्याला रेघ नाही. अल्फेरेसला आहे. आणि अनेकवचन केले की शेवटचे अक्षरच बदलते, 'झेड' जाऊन 'सी' येतो, रेघ मात्र आपल्या जागी राहते. उत्तरपत्रिकेत ही रेघ द्यायची राहून गेली म्हणून माझा अर्धा गुण गेला होता. गुण कापणाऱ्या बाईंचे बरोबरच होते. रेघ नसेल तर वाचणारा जोर शेवटच्या 'रेस'वर देईल आणि शब्द मोडेल. मला दुखले ते वेगळेच. त्याच बाई पुढच्या तासाला म्हणाल्या, 'हा शब्द लक्षात नाही राहिला तरी चालेल, सरळ लेफ्टनंट म्हणा.' ज्या शब्दाच्या एका रेघेसाठी अर्धा गुण जातो, तो अख्खा टाकून दिला तर चालतो, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

'फ'चेही सांगायला हवे, कारण या 'फ'वर एका बाईने मार खाल्ला आहे. होसे रिझालची 'नोली मे तांगेरे' ही कादंबरी १८८७ साली बर्लिनमध्ये छापली गेली. फिलिपिन्समधल्या स्पॅनिश राजवटीवरची ती कादंबरी. १८९६ च्या ३० डिसेंबरला मनिलात त्याच राजवटीने रिझालला गोळ्या घातल्या. कादंबरीतल्या सान दिएगो गावात पोलीस तुकडीचा प्रमुख एक अल्फेरेस आहे. त्याला नाव नाही. गावचा पाद्री आणि हा, यांचा उभा दावा. त्याची बायको दोन्या कोन्सोलासिओन तिथलीच, एके काळी धुणी धुणारी, पण आता स्वतःला युरोपीय समजणारी आणि आपली टागालोग विसरल्याचे सोंग आणणारी. नवरा तिला देशाचे नाव स्पॅनिश पद्धतीने उच्चारायला शिकवू पाहतो. टागालोगमध्ये मुळात 'फ' नाही, तिथे 'प' येतो. तिला ते नाव जमत नाही, आणि त्या घरात न जमलेल्या गोष्टीचे उत्तर मारानेच मिळते. टागालोगने हा हुद्दाही आपल्या तोंडात बसवून घेतला. तिथे आज तो 'अल्पेरेस' आहे. रिझालची कादंबरी तिकडच्या शाळांत याच शब्दासह वाचली जाते, आणि कुणी मुलांना 'तो लेफ्टनंट समजा' असे सांगत नाही.

आपला 'फ'ही मूळचा ओठ मिटून म्हणायचा. 'फळ' आणि 'फणस' म्हणणाऱ्या माझ्या आजीच्या तोंडी 'फोन'सुद्धा तसाच यायचा. म्हणून 'अल्पेरेस' मला परका वाटत नाही. एका भाषेने दुसऱ्या भाषेचा शब्द आपल्या ओठांना जमेल तसा घेतला, पण घेतला. माझी मागणी एवढीच आहे.

या शब्दात एक घोडा आहे. अरबीत 'फारिस' म्हणजे घोडेस्वार. त्याला 'अल्' हे उपपद जोडून अंदलुसी अरबीतून तो स्पॅनिशमध्ये आला. स्पेनमध्ये मुसलमानी आणि ख्रिस्ती राज्ये आठशे वर्षांच्या आसपास शेजारी नांदली, लढली, आणि या काळात स्पॅनिशने अरबीतून हजारो शब्द घेतले. ज्याच्याशी लढायचे त्याच्याच भाषेतून आपल्या सर्वांत मानाच्या सैनिकाचे नाव घ्यायचे, यात मला त्या भाषेचा मोठेपणा दिसतो. कास्तीलच्या राजाचा अल्फेरेस म्हणजे राजाचे निशाण वाहणारा सरदार. तेराव्या शतकात शहाण्या आल्फोन्सोने, म्हणजे दहाव्या आल्फोन्सोने, 'सिएते पार्तिदास' हा कायद्याचा ग्रंथ करवून घेतला, त्यात या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. लढाईत राजाचा ध्वज त्याच्या हाती. 'सिद' या कास्तीली वीराच्या महाकाव्यात पेरो बेर्मुदेस असाच निशाण घेऊन उभा असतो. सिद त्याला हुकूम होईपर्यंत हलू नकोस म्हणून बजावतो, पण त्याला धीर धरवत नाही, आणि तो निशाणासकट शत्रूच्या गर्दीत घुसतो. मग निशाणामागे सगळ्यांना जावेच लागते. निशाणदाराच्या हाती सत्ता नसते, पण तो पुढे सरला की सगळे पुढे सरतात. हे 'लेफ्टनंट' या शब्दात कुठे सापडेल?

लेफ्टनंट हा मुळात फ्रेंच शब्द, जागा धरणारा. स्पॅनिशमध्ये त्याचा भाऊ 'तेनिएन्ते', तोही धरणाराच. वरिष्ठ नसेल तेव्हा त्याच्या जागी उभा राहणारा, असा त्याचा अर्थ. अल्फेरेस कुणाच्या बदली उभा नसतो. त्याच्या हातात काठी असते आणि काठीवर कापड असते. आणि व्यवहाराची अडचण अशी की स्पॅनिश सैन्यात तेनिएन्ते हा वेगळा हुद्दा आहेच, अल्फेरेसच्या बरोबर वरचा. अल्फेरेसला लेफ्टनंट करून टाकले तर पुढच्या परिच्छेदात तेनिएन्ते आला की त्याला काय म्हणायचे? संपादकांना मी हे विचारले. त्यांनी 'सिनिअर लेफ्टनंट' सुचवले. एका चुकीला जागा करून देण्यासाठी दुसरा हुद्दा जन्माला घालायचा, हे मी मान्य केले नाही.

या दोन पायऱ्यांमधले अंतर क्षुल्लक आहे असे ज्यांना वाटते त्यांनी 'ऑथेल्लो' आठवावे. देवलांच्या 'झुंझाररावा'पासून मराठी रंगभूमीला ही गोष्ट ठाऊक आहे. शेक्सपिअरने ती चिन्थिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ च्या कथासंग्रहातून घेतली. तिथे खलनायकाला नाव नाही, त्याचा नुसता हुद्दा सांगितला आहे, निशाणदाराचा, आणि इटालियनमधला तो शब्द याच आपल्या अल्फेरेसच्या कुळातला आहे. शेक्सपिअरने त्याला इयागो हे नाव दिले, पण हुद्दा निशाणदाराचाच ठेवला. नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात त्याची तक्रार काय आहे? ऑथेल्लोने लेफ्टनंटची जागा कासिओला दिली आणि मला निशाण धरायला ठेवले. पुढची सगळी विषारी कारस्थाने, रुमाल, देस्देमोनाचा खून, सगळे या तक्रारीच्या मागून येते. निशाणदार आणि लेफ्टनंट एकच असते तर इयागोला रागवायला कारणच उरले नसते. या एका पायरीवर चारशे वर्षे चालणारी शोकांतिका उभी आहे, आणि मला सांगितले जाते की वाचकाला फरक पडत नाही.

आता कातालिना दे एराउसो. सान सेबास्तियानची ही बास्क मुलगी. लहानपणापासून मठात वाढली, जोगीण होण्याआधीच तिथून पळाली, केस कापले, पुरुषाचे कपडे चढवले आणि जहाजाने अमेरिकेला गेली. चिलीत मापुचे लोकांविरुद्धच्या युद्धात लढून ती अल्फेरेस झाली. पुढे खरी ओळख उघड झाल्यावर चौथ्या फिलिपने तिला निवृत्तिवेतन दिले, आणि आठव्या अर्बन पोपने पुरुषाच्या वेशात राहायला परवानगी दिली. अखेरची वर्षे तिने मेक्सिकोत आंतोनिओ दे एराउसो या नावाने खेचरांचे तांडे हाकत काढली. स्पॅनिशमध्ये तिची ओळख 'ला मोन्हा अल्फेरेस', अल्फेरेस जोगीण, अशी आहे. तिच्या तसबिरीवर जी अक्षरे आहेत त्यात हुद्द्याच्या आधीचे उपपद पुल्लिंगी, आणि नावाआधीची 'दोन्या' ही पदवी स्त्रीची. एका ओळीत दोन्ही. मी ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पुढे गेलो नाही. व्याकरणाची चूक म्हणून कुणी ती दुरुस्त केली नाही, तिचे आयुष्य जसे होते तसेच लिहून ठेवले. तिच्या नावावरच्या आत्मकथनाचे १९९६ मध्ये इंग्रजी भाषांतर आले, त्याच्या मुखपृष्ठावर ती लेफ्टनंट झाली आहे. इतकी वर्षे लढून मिळवलेला हुद्दा मुखपृष्ठावर बदलला, आणि पुढची पिढी तिला त्याच नावाने ओळखणार.

आजच्या स्पॅनिशमध्ये हा शब्द दोन्ही लिंगांना सारखाच चालतो, नुसते उपपद बदलायचे. स्पेनची युवराज्ञी लिओनोर २०२३ च्या ऑगस्टमध्ये सारागोसाच्या सैनिकी अकादमीत दाखल झाली आणि वर्षभराने ती 'दामा अल्फेरेस कादेते' झाली. म्हणजे हा शब्द संग्रहालयात ठेवलेला नाही. सैनिकांच्या खांद्यावर आहे. स्पॅनिश भूदलात अल्फेरेसच्या खांद्यावर सहा टोकांचा एक तारा, तेनिएन्तेच्या खांद्यावर दोन, कॅप्टनच्या तीन. अधिकाऱ्यांच्या शिडीची ती पहिली पायरी.

स्पॅनिश भाषकांनीही माझे काम सोपे केले नाही, हे मान्य करायला हवे. स्पेनच्या नौदलात 'अल्फेरेस दे फ्रागाता' भूदलातल्या अल्फेरेसच्या बरोबरीचा, पण 'अल्फेरेस दे नाविओ' तेनिएन्तेच्या बरोबरीचा. कोलंबियात अल्फेरेस म्हणजे शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यातला छात्र. पेरूच्या पोलिसांत तो सगळ्यांत कनिष्ठ अधिकारी. अर्जेंटिनाच्या भूदलात त्या जागी 'सुबतेनिएन्ते' आहे, आणि स्पेनमध्ये हाच सुबतेनिएन्ते अधिकारीच नव्हे. मी एक तक्ता करून भिंतीवर लावला होता आणि तो तीनदा फाडून पुन्हा लिहिला. पण या गुंत्यावर उपाय म्हणून सगळ्यांना एका इंग्रजी हुद्द्याखाली कोंबायचे? आपल्याकडे हवालदार हा शब्द घ्या. शिवाजी महाराजांच्या घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, किल्ल्यावरचा हवालदार म्हणजे तर किल्ल्याचा मुख्य अधिकारी. आजच्या भारतीय सैन्यात तो नाईकाच्या वरचा आणि नायब सुभेदाराच्या खालचा, आणि रस्त्यावर चौकात उभ्या पोलिसालाही लोक हवालदारच म्हणतात. उद्या कुणी स्पॅनिश भाषांतरकाराने रायगडाच्या हवालदाराला 'सार्खेन्तो', म्हणजे सार्जंट, केले, तर आपण गप्प बसू का?

माझे मामा सैन्यातून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले. साताऱ्याजवळ राहतात, आता ऐंशीच्या पुढे आहेत. प्रूफ घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. स्पॅनिश त्यांना येत नाही, सेर्वान्तेस हे नाव त्यांनी माझ्याकडूनच ऐकले. मी सगळे सांगितल्यावर त्यांनी एकच विचारले, 'तो निशाण धरतो का?' मी म्हणालो, त्याच्या पूर्वीचे धरत होते, म्हणून त्याला तो शब्द मिळाला. मग ते बराच वेळ पलटणीच्या निशाणाबद्दल बोलले. निशाण टोळी कशी चालते, निशाण समोरून जाताना सगळे कसे ताठ उभे राहतात, पावसात त्या काठीचे वजन किती होते. जेवताना म्हणाले, 'मग निशाणदार लिही की रे. आपल्याकडे निशाणदार आडनावाची माणसं आहेत.'

हा सल्ला मी आठवडाभर डोक्यात घोळवला. चांगला शब्द आहे, मराठी आहे, आणि सिदच्या काळातल्या पेरो बेर्मुदेससाठी मी तोच वापरीन. स्पॅनिश तुकड्यांमध्ये सोळाव्या शतकातही कॅप्टनच्या खालोखाल अल्फेरेसच असे आणि तुकडीचे निशाण त्याच्याच जबाबदारीवर असे. पण काम्पुसानोच्या हाती कथेत निशाण नाही. त्याच्या हाती काठी झालेली तलवार आहे. 'निशाणदार' म्हटले की वाचक कथाभर झेंडा शोधत राहील, आणि अरबी घोडेस्वार त्या मराठी शब्दात पुन्हा दिसेनासा होईल. घोडा गेला, निशाण गेले, तरी शब्द टिकला, आणि आता त्यावर एक तारा आहे. हे सगळे एकत्र वाहून नेणारा शब्द एकच आहे, आणि तो मराठीत लिहिता येतो. आपण 'काडतूस' घेतले, 'पिस्तूल' घेतले, 'पलटण' घेतली. पगार, चावी, बटाटा तर रोजच्या तोंडात. कोणत्या वाचकाला ते शब्द अडले?

परवा रात्री मी प्रूफ घेऊन बसलो. लाल शाईने अठ्ठेचाळीस ठिकाणी 'लेफ्टनंट' खोडले, समासात 'अल्फेरेस' लिहिले. पहिल्या पानावर, शब्द प्रथम येतो तिथे, तळटीप दिली: 'अल्फेरेस, स्पॅनिश सैन्यातला कनिष्ठ अधिकारी, मूळचा तुकडीचे निशाण धरणारा. मूळ अरबी अर्थ घोडेस्वार. जोर फेवर.' सकाळी पाकीट पोचवले. दुपारी संपादकांचा फोन आला. कथेत राहू दे, म्हणाले, तळटीपही राहू दे. पण अनुक्रमणिकेत जागा कमी आहे आणि तिथे टीप देता येत नाही, तर तेवढ्या एका ठिकाणी, कथेच्या परिचयाच्या ओळीत, लेफ्टनंट ठेवू का?

मी नको म्हणालो.